पाणी आत शिरतं कुठून? मातीतल्या सेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत: शेतात पुरलेला ओलाव्याचा सेन्सर. कुणाचा गंजला, कुणाचा फुगला, कुणाचा आकडा एकाच जागी अडकून बसला. परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी मोटारीचे स्टार्टर आणि पॅनल एवढंच काम यायचं, आता टेबलावर निम्मे सेन्सरच असतात. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यांनाच देते. पत्रं जागेसाठी थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न: ताई, माझी तीन एकर हळद आहे, ठिबकवर. पुतण्यानं दोन पायांचा स्वस्तातला सेन्सर मागवला, आर्डुइनोला (सेन्सरचा आकडा वाचणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडला आणि आखाड्यावर डिस्प्ले लावून दिला. पंधरा-वीस दिवस चांगला चालला. मग माती ओली असताना कोरडी सांगायला लागला. उपटून पाहिला तर एक पाय साफ झालेला, दुसरा नव्यासारखा. दुसरा आणला, त्याचंही तेच. आमच्या मातीत असं काय आहे जे एकच पाय खातंय?
(एक शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली)

दादा, तुमच्या मातीचा दोष नाही. तो पाय करंटनं खाल्लाय.

या फाट्यासारख्या सेन्सरचं काम सरळ असतं. एका पायातून करंट सोडायचा, मातीतून तो दुसऱ्या पायात जातो, आणि किती सहज गेला त्यावरून ओल ठरवायची. पण ओली माती, त्यात धातूचे दोन पाय आणि कायम एकाच दिशेनं वाहणारा करंट, ही भांड्याला मुलामा चढवायच्या हौदाचीच मांडणी झाली. प्लसला जोडलेल्या पायाचं तांबं विरघळून मातीत उतरतं, मायनसचा पाय शाबूत राहतो. वरचा चकचकीत मुलामा इतका पातळ असतो की त्याला बारीक छिद्रं असतातच, आणि एका छिद्रातून सुरुवात झाली की खालचं तांबं पोखरलं जातं. दुसऱ्या सेन्सरच्या तारा तुम्ही उलट जोडल्या असत्या, तर दुसरा पाय गेला असता.

दुकानात कुणाला हे पटत नसेल तर मी काचेच्या ग्लासात पाणी घेते, चिमूटभर मीठ टाकते, टाकाऊ सेन्सरचे पाय बुडवते आणि पाच व्होल्ट देते. एका पायावरून बारीक बुडबुडे वर येतात. दुसऱ्या पायाभोवती निळसर हिरवट ढग धरतो आणि हळूहळू खाली उतरून ग्लासाच्या तळाला साका बसतो. तो साका म्हणजे तुमचा सेन्सर. जिथून तो उपटला तिथलं ढेकूळ फोडून बघा, तशीच हिरवट छटा बहुधा सापडेल.

आता हिशोब. या सेन्सरमधून ओल्या मातीत साधारण अर्धा मिलिअँपिअर करंट जातो. ऐकायला काहीच नाही. पण अर्धा मिलिअँपिअर २४ तास वाहिला तर सुमारे १४ मिलिग्रॅम तांबं विरघळू शकतं. पायावरची तांब्याची पट्टी ६ सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड धरली, तर तिच्यात तांबं असतं ९० ते ९५ मिलिग्रॅम. म्हणजे आठवड्याचा खेळ. तुमचा पंधरा-वीस दिवस टिकला, तो माती मधूनमधून सुकत होती म्हणून.

उपाय याच हिशोबात आहे. सेन्सरची प्लस तार पाच व्होल्टच्या पिनेवरून काढा आणि बोर्डाच्या एखाद्या डिजिटल पिनेला जोडा. पुतण्याला सांगा, अर्ध्या तासानं ती पिन चालू करायची, पाव सेकंद थांबायचं, आकडा घ्यायचा आणि पिन बंद. सगळं मिळून एक सेकंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद करंट चालत होता, तो आता ४८ सेकंद चालेल. जे तांबं आठवड्यात जायचं ते कागदावर तीस वर्षं पुरतं. प्रत्यक्षात तेवढं पुरणार नाही, कारण करंट नसला तरी ओल्या मातीत तांबं आपल्या गतीनं गंजतंच. पण हळदीचा नऊ महिन्यांचा हंगाम निघायला हरकत नाही. हळदीच्या बुडाला सतत ओल राहिली की कंदकूज येते, ती टाळायला सेन्सर हंगामभर खरं सांगत राहायला हवा. एक पैशाचा खर्च नाही, कोडच्या चार ओळी आहेत.

याहून पक्कं करायचं असेल तर छापील पाय सोडून द्या. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घ्या, आणि त्या ३१६ नंबरच्या मागा. दुकानदार ३०४ पुढे करेल. तुम्ही ठिबकमधून पांढरा पोटॅश सोडता, त्यात क्लोराइड असतं आणि ते ३०४ ला बारीक खड्डे पाडतं. ३१६ त्याला जास्त दाद देत नाही. मोठ्या टॉर्चच्या जुन्या साध्या सेलमधली काळी कार्बनची कांडीही चालते. ती गंजायचा प्रश्न नाही, फक्त मोडते लवकर. आणि दोन पिना वापरून दर वेळी करंटची दिशा उलटवली तर दोन्ही पाय सारखे झिजतात.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानंच सुटत नाही. हा सेन्सर पाणी मोजतच नाही, करंट किती वाहतो ते मोजतो. तुम्ही खत सोडलं की मातीत क्षार वाढतात, करंट सहज वाहतो, आणि पाणी तेवढंच असून सेन्सर "ओली" म्हणतो. खत सोडल्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याच्यावर विसंबू नका. हळदीसारख्या पैशाच्या पिकाला मी टेन्शिओमीटर सुचवेन. त्यात मातीत राहणारं इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, भाजक्या मातीच्या कपातलं पाणी जमीन किती जोरानं ओढते ते घड्याळासारख्या तबकडीवर दिसतं. साधारण ८० सेंटिबारपर्यंत तो चालतो, त्यापुढे जमीन सुकली की कपातून हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावं लागतं. ठिबकवरच्या हळदीत जमीन तितकी सुकू देतच नाहीत, म्हणून तिथे तो चांगला बसतो.

प्रश्न: नमस्कार. माझी मोसंबीची बाग आहे. दोन पायांचा सेन्सर गंजतो हे कळल्यावर मी एका पट्टीचा, काळा, कॅपॅसिटिव्ह म्हणतात तो घेतला. "हा गंजत नाही" असं सांगून दिला. पहिला हंगाम चांगला गेला. आंबिया बहारासाठी ताण दिला (फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडलं) तेव्हा मात्र हा "ओल आहे, ओल आहे" सांगत राहिला. मी त्याच्यावर विश्वास ठेवून पाणी सोडायला उशीर केला. पानगळ जास्त झाली, काही फांद्या वाळल्या. सेन्सर वरून बघायला ठणठणीत आहे. माझं वय ६८ आहे, दुसरी चूक परवडणार नाही.
(एक बागायतदार, ता. अंबड, जि. जालना)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बागेचं जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. बंद पडलेला सेन्सर बरा, माणूस कुदळ घेऊन माती उकरून तरी बघतो. चुकीचा आकडा देणारा सेन्सर बाग घेऊन जातो.

"गंजत नाही" हे अर्धं खरं आहे. या पट्टीत तांबं मातीला शिवत नाही, रंगाच्या थराखाली झाकलेलं असतं. ती मातीतून करंट सोडत नाही, विजेचा भार धरायची मातीची ताकद मोजते. हवेची ही ताकद १ धरली तर कोरड्या मातीची ३ ते ५ असते आणि पाण्याची जवळपास ८०. एवढा मोठा फरक असल्यामुळे थोडं पाणी वाढलं तरी पट्टीला कळतं.

पण पट्टीला कडा असतात. कारखान्यात मोठ्या तावातून या पट्ट्या कापतात आणि कापलेली कड उघडीच राहते. तुमच्यासारखीच एक पट्टी मागच्या महिन्यात घनसावंगीहून आली होती. भिंगाखाली तिची कड बघितली. काचेचे पांढरे धागे थरावर थर, ब्रश झिजल्यासारखे फुटलेले. कडेपासून आत तीनेक मिलिमीटर पांढरट पट्टा धरला होता. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी या धाग्यांतून चढतं. एकदा पाणी पट्टीच्या पोटात गेलं की बाहेरची माती कितीही वाळू दे, पट्टीला पाणी दिसतच राहतं. तुमचा आकडा "ओल आहे" वर अडकला तो याच कारणानं. माझी खात्री आहे, पण तुम्हीही करून घ्या: सेन्सर धुऊन, पुसून, पंख्याखाली तासभर वाळवा आणि हवेत धरून आकडा बघा. या पट्टीत आकडा कोरड्यात मोठा आणि ओल्यात लहान येतो. नवा असताना हवेत जो आकडा यायचा त्याच्या बराच खाली दिसला, तर पाणी आत आहे. असा सेन्सर वाळवून पुन्हा वापरू नका. महिनाभर बरा वागेल आणि पुन्हा दगा देईल.

नवा आणाल तेव्हा त्याला मातीत घालायच्या आधी दोन दिवस द्या. आधी हवेतला आकडा आणि पट्टीवरच्या रेघेपर्यंत पाण्यात बुडवून आलेला आकडा, दोन्ही वहीत लिहून ठेवा. मग कडांवरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, नाकाला फडकं बांधून, कारण काचेची धूळ निघते. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा, हाताचं तेल राहिलं तर लेप धरत नाही. दिवसभर कडक उन्हात वाळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग लेपाच्या आत ओल कोंडून बसते.

मग दोन भाग मिसळायचं इपॉक्सी घ्या, २४ तासांत घट्ट होणारं. पाच मिनिटांत वाळणारं हातघाईला चांगलं असतं, पण पाण्यात ते लवकर मऊ पडतं. काडीनं फक्त कडांवर पातळ फिरवा, तिन्ही बाजूंनी, टोकाला जास्त मन लावून, कारण मातीत खुपसताना टोकच घासतं. वाळल्यावर दुसरा हात. पट्टीच्या सपाट अंगावर जाड थर देऊ नका, तिला माती "दिसायला" कमी होईल. काही जण कडांना रंग नसलेलं नेलपॉलिश लावतात. घरात असतं, लावायला सोपं. तीन-चार हात दिले तर एक हंगाम काढतं. तुमच्या बागेला मी इपॉक्सीच सांगेन.

आता वरचा भाग, जिथे चिप आणि बारीकसारीक पार्ट असतात. तिथे कारखान्यातून कसलंच झाकण नसतं आणि सेन्सर सगळ्यात जास्त मरतात ते इथेच. पांढरा प्लगचा सॉकेट ठेवू नका, तारांना थेट डाग द्या, डाग दिल्यावर फ्लक्स (डाग धरावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) आयपीएनं घासून काढा. मग चिपांसकट सगळ्या भागावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा आणि गरम करा, दोन्ही तोंडांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला पाहिजे. साधी ट्यूब नको, ती फक्त आवळते, सील करत नाही. वीज फिटिंगच्या पाइपचा तुकडा वर सरकवून त्यात इपॉक्सी ओतलं तर आणखी उत्तम.

आणि तार. तारेच्या आत केसासारख्या तांब्याच्या तारांमधून पाणी चढतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. मी तीन मीटर लांबची जोडणी हिरवी झालेली पाहिली आहे, आणि पाणी शिरलं होतं दुसऱ्या टोकाच्या खरचटलेल्या वेष्टणातून. म्हणून मातीखाली जोड नको. घ्यावाच लागला तर टेलिफोनवाले वापरतात तो जेल भरलेला जोड वापरा.

सगळं झाल्यावर पुन्हा हवेतला आणि पाण्यातला आकडा घ्या. लेपामुळे दोन्ही थोडे सरकलेले असतील, तेच नवे धरा. मग सेन्सर, वरच्या ट्यूबसकट, रात्रभर बादलीत टाका, सकाळी पुसून हवेत धरा. आकडा कालच्या जागी परत आला तरच बागेत न्या. आणि दर वर्षी ताण सुरू करण्याआधी हीच परीक्षा पुन्हा घ्या. ताण तोडायचा निर्णय एकट्या सेन्सरवर कधीच घेऊ नका, काका. वीतभर खोल माती हातात घेऊन लाडू वळून बघायची तुमची सवय आहेच, ती मोडू नका.

प्रश्न: मी पॉलिटेक्निकला आहे, दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी सेन्सरवर ग्लू गन मारली तर चालेल का? की खिडकीच्या काचेचं सिलिकॉन लावू? दोन्ही हॉस्टेलवर आहेत.
(एक विद्यार्थी, लातूर)

दोन्ही नको रे बाळा.

ग्लू गनचा गोंद बोर्डाला चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. नखानं कडेला उचलून बघ, सालीसारखा निघेल. त्या फटीत पाणी जाऊन बसतं आणि वाळायला वाटच नसते. शिवाय लातूरच्या मे महिन्याच्या उन्हात काळा बोर्ड इतका तापतो की गोंद मऊ पडून सरकतो.

सिलिकॉनबद्दल जरा नीट ऐक, कारण हे मी स्वतःच्या हातानं केलंय. पाच वर्षांपूर्वी मानवत भागातल्या एका शेतकऱ्याला मी अकरा सेन्सर सील करून दिले, खिडकीच्याच सिलिकॉननं. सुरेख दिसत होते. दोन महिन्यांत अकराच्या अकरा परत आले. सिलिकॉन चिरून बघितलं तर आत पाण्याचा थेंब नाही आणि तांबं मात्र हिरवं. ते सिलिकॉन वाळताना आंबट वास येतो ना, व्हिनेगरसारखा? तो असेटिक अ‍ॅसिडचा वास आहे. मी अ‍ॅसिड आत ठेवून वरून बूच मारलं होतं. ते सगळे सेन्सर मी माझ्या खर्चानं भरून दिले. तेव्हापासून ट्यूब विकत घेताना तिच्यावर "न्यूट्रल" लिहिलेलं आहे का ते बघते, आणि नसेल तर दुकानातच ठेवते.

तू चिपवाल्या भागावर अ‍ॅक्रिलिकचा कॉन्फॉर्मल स्प्रे (बोर्डावर पातळ संरक्षक थर देणारा) मार, दोन पातळ हात. सॉकेटच्या आत आणि बटणावर जाऊ नये म्हणून आधी टेप लाव. कडांसाठी वरच्या उत्तरात लिहिलंय तेच कर. आणि चिपवरचा नंबर वाच. टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर चालेल. एनई५५५ असेल तर तिला निदान साडेचार व्होल्ट लागतात, मुलं ३.३ व्होल्टवर जोडतात, आकडा हलत नाही, आणि दोष पाण्याला देतात.

प्रश्न: ताई, माझा सेन्सर चांगला आहे, पण खांबावरच्या पेटीतला बोर्ड गेला. पेटीवर आयपी ६७ लिहिलं होतं, पावसात अजिबात गळणार नाही म्हणाले होते. रबर, स्क्रू, सगळं जागेवर आहे. तरी उघडली तर तळाला चमचाभर पाणी आणि बोर्डावर पांढरी बुरशी. पाणी आलं कुठून?
(एक महिला शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव)

ताई, पेटी श्वास घेते.

दुपारी उन्हात पेटीच्या आतली हवा सहज ५५ अंशांपर्यंत जाते. हवा फुगते आणि रबराच्या, ग्लँडच्या (तार आत घ्यायच्या बुचाच्या) बारीक फटीतून थोडी बाहेर पडते. मग अवकाळीचं ढग येतं, दहा मिनिटांत पेटी २५ अंशांवर. आतल्या हवेचा दाब जवळपास नऊ टक्क्यांनी उतरतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर पेटी पाऊण-एक मीटर उंचीचं पाणी ओढू शकेल एवढ्या जोरानं आत खेचते, आणि नेमकं त्याच वेळी तिच्या रबरावर पावसाचं पाणी उभं असतं. पाऊस नसला तरी रात्रीची दमट हवा आत येते, पहाटे त्याचं दव होतं आणि तळाला साठतं. रोज अर्धा थेंब, पण तो बाहेर जात नाही.

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून पेटी तपासलेली असते. ती चाचणी खोटी नाही. पण त्या चाचणीत तिला भूमच्या माळावर महिनोन् महिने रोज तापवून गार करत नाहीत.

म्हणून पेटी पूर्ण बंद करायच्या मागे लागू नका, तिला श्वास घ्यायला चांगली वाट द्या. पाणी अडवून हवा सोडणारी छोटी व्हेंटची चकती मिळते, ती खालच्या बाजूला बसवा. ती नाही मिळाली तर तळाला सगळ्यात खोल जागी दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर मुंग्या घर करतात. तारा सगळ्या खालूनच आत घ्या, बाजूनं नाही आणि वरून तर मुळीच नाही. आत जाण्याआधी प्रत्येक तारेला खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, ग्लँडपर्यंत पोहोचणार नाही. पेटी काळी असेल तर पांढरा रंग मारा आणि वर पत्र्याचा तुकडा छपरासारखा, चार बोटं अंतर ठेवून लावा. आतलं तापमान यानं जेवढं उतरतं तेवढं दुसऱ्या कशानं उतरत नाही.

बोर्डावरची पांढरी बुरशी म्हणता ती बुरशी नाही, गंज आहे. जुन्या टूथब्रशनं आयपीए लावून घासा, वाळवा, चालू करून बघा. निम्मे बोर्ड यातून उठतात. उठला तर स्प्रेचे दोन हात मारल्याशिवाय परत पेटीत बसवू नका. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवलीत तर रंगाकडे लक्ष ठेवा. केशरी दाणे हिरवे पडले की ते भरलेत. मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून पुन्हा वापरता येतात, पण तो तवा स्वयंपाकाला परत घेऊ नका. व्हेंट असलेल्या पेटीत ही पुडी फार दिवस पुरत नाही, तिच्यावर सगळी भिस्त नको.

प्रश्न: कापसाला पाण्याची पाळी दिली, दुसऱ्या दिवशी पाय रुततोय एवढी ओल, आणि सेन्सर कोरडं दाखवायलाय. तुम्ही सांगता तशी बादलीची परीक्षा घेतली, सेन्सर पास. मग खोट कुठे?
(एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी)

खोट मातीला चिकटण्यात आहे. आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. सेन्सर पुरला तिथली माती आकसताना पट्टीपासून सुटते, मध्ये हवेची फट राहते. पट्टीला मग माती दिसत नाही, हवा दिसते. वर लिहिलंच आहे, भार धरायची हवेची ताकद १, पाण्याची ८०. कागदाएवढी फट सगळा हिशोब बिघडवते. पाळी दिल्यावर माती फुगून फट मिटायला वेळ लागतो, कधी मिटतही नाही. याच्या उलटही होतं: भेगेतून पाणी सरळ पट्टीपर्यंत उतरतं आणि आजूबाजूची माती कोरडी असताना सेन्सर ओल सांगतो.

सेन्सर वाळलेल्या जमिनीत कधीच ठोकू नका. वापसा (जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर उरते ती स्थिती) आला की लावा. आधी लोखंडी पट्टीनं खाच करा, खड्ड्यातून निघालेल्याच मातीची खिरीसारखी रबडी कालवून खाचेत ओता, मग सेन्सर तिरका सरकवा. तिरका अशासाठी की तारेवरून उतरणारं पाणी थेट पट्टीवर येऊ नये. बाहेरची रेती किंवा मुरूम भरू नका, त्यांचा आणि काळ्या मातीचा ओलावा कधी जुळत नाही. एक सेन्सर वीतभर खोल आणि दुसरा हातभर खोल असे दोन लावलेत तर वरच्याला फट पडली तरी खालचा बहुतेक खरं सांगतो, कारण तिथली माती तेवढी आकसत नाही. पहिली पाळी जिरून पुन्हा वापसा येईपर्यंतचे आकडे सोडून द्या. त्या वेळात माती पट्टीभोवती बसत असते. मग वापसा आला असं तुमचा हात म्हणेल त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. तुमच्या रानासाठी वापशाचा आकडा तोच, दुसऱ्याच्या रानातला उसना घेऊ नका.

प्रश्न: सगळं नीट सील केलं, पण तार उंदरानं कुरतडली. दोनदा. काय करू?
(एक शेतकरी, ता. निलंगा, जि. लातूर)

ठिबकची जुनी १६ एमएमची नळी आखाड्यावर पडलेली असेलच. ती लांबीनं चिरा, तार आत घाला, वीतभर अंतरावर तारेनं आवळा आणि चीर खाली करून पुरा. उंदीर त्या नळीलाही दात लावतो, पण तारेपर्यंत पोहोचायच्या आत बहुतेक वेळा सोडून देतो. बोर्डाजवळ, जिथे तार जमिनीतून वर येते, तिथे मात्र नळी पुरत नाही. तिथे हातभर लोखंडी पाइप घाला आणि त्याचं वरचं तोंड कापसाच्या बोळ्यानं नव्हे, न्यूट्रल सिलिकॉननं बंद करा. खालचं तोंड उघडं राहू द्या, आत गेलेलं पाणी निघून जाईल. पुरताना खोली वखराच्या पासेच्या खाली, निदान फूटभर ठेवा. आणि सेन्सरच्या दोन्ही बाजूंना लाल रंग मारलेल्या उंच खुंट्या ठोका, रोटाव्हेटरवाल्याला लांबून दिसतील अशा. कुरतडलेली तार जोडायला माझ्याकडे पाठवलीत तर कुरतडल्या जागेपासून दोन्हीकडे निदान हातभर कापूनच पाठवा, कारण तेवढ्या लांबीत पाणी चढलेलं असतं आणि त्या तारेला डाग धरत नाही.